स्वेटर किती घेऊ, या आईच्या प्रश्नाचं उत्तर

फ्रायबुर्ग (जर्मनी), 14 एप्रिल

ती. अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, "तिकडचा हिवाळा संपला का गं?" आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर मनाला लागून राहिलं, की हे उत्तर खरं म्हणजे फक्त माझ्या गल्लीपुरतं होतं. आईचा स्वेटरचा प्रश्न तर तसाच राहिला. तुम्ही 9 मेला येताय, तेव्हा आज निवांत बसून लिहिते.

माझ्या खिडकीतून आत्ता दोन ऋतू दिसतात. खाली अंगणातलं सफरचंदाचं झाड फुललंय. पाकळ्या आतून पांढऱ्या, बाहेरून गुलाबी, आणि झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांचा आवाज सतत कानात भरतो. मान वर केली की डोंगरमाथ्यावर अजून बर्फाचे पट्टे आहेत. आमचं गाव पावणेतीनशे मीटरच्या आसपास आणि जवळचा फेल्डबर्ग डोंगर 1493 मीटर. हजार मीटर चढलं की साधारण सहा-साडेसहा अंशांनी हवा गार होते. म्हणजे अर्ध्या दिवसात इथून वर गेलं, की माणूस एप्रिलमधून उलटा फेब्रुवारीत जातो.

इथे वसंत कॅलेंडरवर पाहत नाहीत, झाडावर पाहतात. जर्मनीच्या हवामान खात्यानं त्याचे तीन टप्पे केलेत. हेझलच्या झुडपाला तुरे लोंबू लागले की पहिला. फोर्सिथियाची पिवळी फुलं आली की दुसरा. सफरचंद फुललं की भर वसंत. देशभर कितीतरी लोक हौसेनं आपल्या गावातली झाडं बघून तारखा कळवतात. आई, तुला हे काम फार आवडलं असतं. अंगणातल्या मोगऱ्याला पहिली कळी कधी आली हे तू दर वर्षी सांगतेसच की! या तारखा नकाशावर मांडल्या की वसंत चालताना दिसतो. सफरचंदाचा बहर पोर्तुगालकडून निघतो आणि दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच्या चालीनं ईशान्येकडे जात फिनलंडला पोचेपर्यंत मे संपत येतो. वारीच चालली आहे असं वाटतं.

पण सगळीकडे चाल सारखी नसते, आणि त्याचं कारण अण्णांना सांगायची गरज नाही. मे महिन्यात नागपूर भाजून निघतं आणि मुंबई नुसती घामाघूम होते, तसंच हे. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. नॉर्वेतलं बर्गन आणि फिनलंडचं हेलसिंकी, दोन्ही गावं जवळजवळ 60 अक्षांशावर. बर्गनला अटलांटिकचं ऊबदार पाणी आणि पश्चिमेचे वारे सांभाळतात, तिथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. हेलसिंकीसमोरच्या समुद्रावर मात्र बर्फ धरतो. तिथे वसंत आल्यासारखा वाटून पुन्हा बर्फ पडतो, आणि त्याला त्यांच्या भाषेत खास शब्द आहे, 'ताकाताल्वी', म्हणजे मागे फिरलेला हिवाळा. पोलंडच्या बाजूला थंडी कडक, पण एकदा हटली की ऊन झपाट्यानं चढतं. आणि किनाऱ्यावर मे महिन्यात स्वच्छ ऊन असूनही वारा अंगाला झोंबतो, कारण पाणी अजून हिवाळ्याचंच असतं.

आता अण्णांच्या कामाचं. इथून जवळच काइझरश्टूल नावाचा जुन्या ज्वालामुखीचा डोंगर आहे, जर्मनीतल्या सगळ्यांत उबदार जागांपैकी एक. त्याच्या उतारांवर द्राक्षबागा आहेत. आपण एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी घेतो, काडीवरचे कोंबाचे डोळे फुटावेत म्हणून तिला पेस्ट लावतो. इथे छाटणी एकदाच, हिवाळ्यात, आणि पेस्ट लावत नाहीत. ते काम थंडी करते. वेल पूर्ण झोपते, पानाचा पत्ता नसतो. झोपलेली वेल उणे पंधरा अंशही सोसते. पण एप्रिलमध्ये डोळे फुटले, की तोच हिरवा कोंब उणे दोनला करपतो. म्हणून इथल्या बागायतदाराला जानेवारीच्या बर्फाची भीती नाही, एप्रिलच्या चांदण्या रात्रीची आहे.

अशी एक रात्र मी पाहिली. ओळखीच्या एका कुटुंबाची बाग उताराच्या पायथ्याला आहे. आकाश निरभ्र, वारा पूर्ण पडलेला. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब वर निघून जाते आणि जड झालेली थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागेत साठते, हे तुम्ही मला निफाडच्या थंडीत शिकवलंत, तेच इथे. वरच्या ओळी सुखरूप होत्या, खालच्या धोक्यात. रात्री तीनला आम्ही मेणाचे डबे पेटवत ओळींमधून फिरलो. एका हेक्टरला असे काही शे डबे लागतात. मेणाचा वास केसांत बसला होता आणि बोटं बधिर झाली होती. मी विजेरी एका काडीवर धरली. कोंब करंगळीच्या नखाएवढा होता, कडेला गुलाबीसर, त्यावर बारीक लव. त्या क्षणी मला आपल्या बागेतल्या शेकोट्या आठवल्या, रात्री बोअरचं पाणी सोडायला तुम्ही कानाला मफलर बांधून निघायचात ते आठवलं, आणि रडूच आलं. पहाटे थर्मामीटरचा पारा शून्याच्या जरासा खाली थांबला. बाग वाचली, तळातल्या दोन ओळी सोडून.

हॅम्बुर्गजवळ एल्ब नदीकाठी सफरचंदाच्या बागा आहेत, आल्टेस लांड म्हणतात त्या भागाला. तिथे तर फुलांवर रात्रभर तुषार सिंचन चालवतात. ऐकून मला आधी पटेना. पण पाणी गोठताना ऊब सोडतं, एका लिटरमागे 80 किलोकॅलरी, आणि त्यामुळे बर्फाच्या कवचातलं फूल शून्याच्या आसपास राहतं, मरत नाही. अट एकच. सकाळी बर्फ वितळू लागेपर्यंत पाणी बंद पडता कामा नये. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये हे कसं जमलं असतं, या विचारानं माझ्याच पोटात गोळा आला.

फ्रान्समध्ये 2021 च्या एप्रिलमध्ये फार नुकसान झालं. मार्चअखेर उन्हाळ्यासारखी ऊब आली, डोळे लवकर फुटले आणि लगेच कडक थंडीच्या रात्री आल्या. शास्त्रज्ञांनी अभ्यास करून सांगितलं, की हवामान बदलामुळे हिवाळा ऊबदार होऊन वेली लवकर जाग्या होतात, आणि म्हणून अशा नुकसानीची शक्यता वाढली आहे. जग तापतंय तर थंडीचं नुकसान कमी व्हायला हवं, असं मलाही वाटायचं. तसं नाही. आपल्याकडे अवकाळीनं आणि गारपिटीनं वेळापत्रक मोडलं, यांचं असं मोडलं. अण्णा, या विषयावर तुम्ही इथल्या माणसांशी बोलावं अशी माझी फार इच्छा आहे. भाषेची काळजी करू नका, मी मध्ये बसेन.

तुम्ही याल तेव्हा 'बर्फाळ संतांचे' दिवस असतील, 11 ते 15 मे. पाच दिवस, पाच संतांची नावं, शेवटची 'थंड सोफी'. ती गेल्याशिवाय इथली जुनी माणसं टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. माझ्या घरमालकीणबाईंनी रोपं खिडकीतच ठेवलीत.

तुम्हाला स्पेनला न्यायचं मनात होतं, ते मी रद्द केलंय. सेव्हिलच्या रस्त्यांवर कडू संत्र्याची झाडं आहेत, त्यांचा फुलोरा वसंताच्या सुरुवातीलाच होऊन जातो. आणि ऊन! जवळच्या कोर्दोबाला 27 एप्रिल 2023 रोजी 38.8 अंश नोंदले गेले. नाशिकचा उन्हाळा सोडून तिथे कशाला जायचं? त्याऐवजी महिनाअखेरीला बर्गनला जाऊ. जवळच्या हार्डांगर खाडीकाठी फळझाडं तेव्हा फुललेली असतात, वर डोंगरावर बर्फ. पाऊस असेलच, पण महाबळेश्वरसारखा कोसळणारा नाही, वर्षभर थोडा थोडा भिजवणारा.

आई, आता तुझं. स्वेटर दोन घे, एक पातळ, एक जाड, आणि वरून पाऊस-वारा अडवणारं जाकीट मी इथे घेऊन ठेवते. सकाळी सगळं घालायचं, दुपारी एकेक काढायचं. पायमोजे लोकरीचे घे. आणि एक गोष्ट आधीच सांगते, मेमध्ये इथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. तुझ्या तिन्हीसांजेच्या दिव्याचं काय करायचं, ते तूच ठरव. मी सातलाच लावते, खिडकीत ऊन असतं तरी.

अण्णा, छाटणी कधी धरताय ते कळवा. निघायच्या आधी उरकेल ना? यंदाच्या काडीचा फोटोही पाठवा, इथल्या मंडळींना दाखवायचा आहे.

तुमची,
मोठी