कोपरावरच्या दोन बोटांसाठी

प्रिय आंटी,

हे मराठीत लिहितेय. तुम्हाला यातलं अक्षर कळणार नाही, पण मंगळवारी तालमीआधी वाचून दाखवीन. इंग्रजीत मी दिवसाला पन्नासदा थँक्यू म्हणते, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा. तो शब्द माझ्यापुरता झिजलाय.

तुमच्याकडे यायच्या आधी मी लंडनमधल्याच दुसऱ्या एका क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, जात होते. तिथल्या बाईंनी नोटेशनचे कागद हातात दिले. मला ते वाचता येईनात, तेव्हा गोड हसून म्हणाल्या, मागे उभ्या राहा, नुसते ओठ हलवा. तीन महिने हलवले! आपली माणसंही कमी नाहीत. गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं, गायला जाते म्हटल्यावर 'त्या लोकांच्यात कशाला?' हे मला शुद्ध मराठीत ऐकावं लागलं. 'त्या लोकांच्यात' म्हणायची सवय आपण गावाकडूनच घेऊन आलोय म्हणा.

तुमच्याकडे कागदच नव्हते. पुढून एक ओळ यायची, ती आम्ही उचलायची, कीर्तनात टाळकरी उचलतात तशी. घानाची नर्स, पोलंडचा सुतार, मी, सगळे तसेच शिकलो. माझं घोडं अडलं ते टाळीवर. आरतीत वाढलेले हात, पहिल्याच मात्रेवर सणकून पडायचे. गॉस्पेलची टाळी दुसरीवर आणि चौथीवर. एवढ्या जणांत माझी एकटीची टाळी उघडी पडली. मी हात खाली घेतले आणि ओठ हलवायला लागले.

तुम्ही शेजारी होतात. माझ्याकडे पाहिलं नाहीत, गाणं थांबवलं नाहीत. गाता गाताच तुमची दोन बोटं माझ्या कोपरावर आली. दोन, चार. दोन, चार. अख्खं गाणं संपेपर्यंत. कुणाला कळलंही नाही. चूक दाखवणारे खूप भेटले हो, ती चारचौघांत झाकून दुरुस्त करणारं माणूस मला या वयात भेटलं.

मग चहाला तुम्ही अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय मुलांची गोष्ट सांगितलीत. बहुतेक जण गुलामीत जन्मलेले. विद्यापीठ बुडू नये म्हणून १८७१ मध्ये नॅशव्हिलहून निघाले, गावोगाव गात फिरले आणि १८७३ मध्ये इथे येऊन व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. साल ऐकून मी कप खाली ठेवला. त्याच वर्षी आमच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं कुणाला, तर अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना! हे सांगितल्यावर तुम्ही 'फुले' हा शब्द नीट जमेपर्यंत म्हणत राहिलात.

ऑक्टोबरमधल्या ब्लॅक हिस्टरी मंथच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याच्या, कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत होते. टाळी एकदाच चुकली, तीही रडायला आलं म्हणून.

मंगळवारी भाकरवडी आणते. मागचा डबा मात्र आठवणीने आणा, तो सासूबाईंचा आहे.

तुमची,
ऑल्टोमधली (बायकांच्या खालच्या पट्टीतली) शेजारीण