गाडी खाली बसवण्याआधी चाकाची चाल मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर, उंची कमी करून खाली बसवलेल्या मोटारींविषयी लेख आला होता. या गाड्या म्हणजे निव्वळ दिमाख असून त्यांच्यावर सरसकट कारवाई व्हावी, असा त्या लेखाचा सूर होता. मी गेली सात वर्षे एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार फैजपूरहून भुसावळमार्गे जळगावला आणि परत अशी रोज चालवतो. दिवसाला शंभरेक किलोमीटर होतात, घरात दुसरी चारचाकी नाही, त्यामुळे लग्नकार्य, दवाखाना, बाजार हे सगळे त्याच गाडीतून चालते. अशी गाडी थोडी खाली बसवण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मात्र आपल्याकडे ती ज्या पद्धतीने खाली बसवली जाते, ती पद्धत धोक्याची आहे, आणि लेखात नेमका तोच भाग राहून गेला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गाडी घेतली तेव्हा इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यापासून रस्त्यापर्यंत १२५ मिलिमीटर जागा होती. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी डोळ्यांना खटकत होती, एवढ्याच कारणासाठी मी ती एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी चारही स्प्रिंगा काढल्या, ग्राइंडरने प्रत्येकीचा दीड वेढा कापला आणि संध्याकाळपर्यंत गाडी ४० मिलिमीटर खाली बसवून दिली. ‘भाऊ, आता पाहा कशी रस्त्याला चिकटून पळते,’ असे ते म्हणाले, आणि पहिले आठ दिवस मलाही तसेच वाटले. चौथ्या महिन्यात पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल ओघळू लागले आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर तयार झाला. टायर बाहेरून पाहिले तर नव्यासारखे दिसत होते. आतल्या कडेवरून हात फिरवला, तेव्हा बोटांना तारा बोचल्या. गाडी जॅकवर उचलली आणि चाक लोंबकळताच मागची स्प्रिंग तिच्या बैठकीत इतकी सैल झाली की ती हाताने गोल फिरवता येत होती. त्या गाडीतून मी चार महिने आईला घेऊन ये-जा केली होती, हे आठवले की आजही मला अस्वस्थ व्हायला होते.

त्यानंतर मी मूळच्या लांबीच्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप बसवून घेतले आणि पहिल्यांदाच मोजमाप केले. मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. शॉकअपच्या चकचकीत दांडीवर प्लास्टिकचा केबल टाय आवळून बांधायचा आणि तो खाली सरकवून शॉकअपच्या तोंडाला टेकवायचा. चाक जितके वर जाते तितका तो टाय दांडीवर वर ढकलला जातो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे आपल्या रोजच्या रस्त्यावर चाकाने जास्तीत जास्त किती चाल (म्हणजे वर जाण्याची जागा) वापरली, हे नंतर फुटपट्टीने वाचता येते. माझ्या गाडीचे पुढचे चाक बंप रबराला, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत ६५ मिलिमीटर वर जाऊ शकत होते, आणि आठवडाभर चालवल्यावर टाय ५२ मिलिमीटरवर अडकलेला सापडला. म्हणजे गाडी ४० मिलिमीटर खाली असताना माझ्याकडे फक्त २५ मिलिमीटर चाल उरली होती आणि रस्ता मात्र ५२ मागत होता. उरलेला धक्का बंप रबर, शॉकअप आणि बॉडी यांच्यावर रोज आदळत होता.

स्प्रिंग कडक केली की कमी चालीत भागते, असे सर्रास सांगितले जाते. ते किती खरे आहे, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने होतो. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती जितकी दाबली जाते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जो धक्का पूर्वी ५२ मिलिमीटरमध्ये पचत होता तो २५ मिलिमीटरमध्ये पचवायचा, तर स्प्रिंग चौपटीहून अधिक कडक लागते, आणि अशी गाडी रोज चालवणे मणक्याला झेपणारे नाही. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा दीड वेढा कापल्याने तिचा कडकपणा वाढतो तो जेमतेम एक तृतीयांशाने, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आता तोच हिशेब २० मिलिमीटर खाली बसवलेल्या गाडीसाठी करून पाहिला, तर ४५ मिलिमीटर चाल उरते आणि तेवढ्यात तो धक्का पचवायला स्प्रिंग साधारण एक तृतीयांशानेच अधिक कडक लागते. रोज चालवायच्या गाडीत एवढा कडकपणा सहज सोसवतो. वीस आणि चाळीस या दोन आकड्यांमध्ये दिसायला बोटाभराचाही फरक नाही, पण एका आकड्यावर गाडी वापरण्याजोगी राहते आणि दुसऱ्यावर राहत नाही.

याच्या बदल्यात मिळते काय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अशा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर धरला, तर २० मिलिमीटरने तो चार टक्के खाली येतो आणि वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार तेवढाच कमी होतो. गाडी जास्त खाली गेली म्हणजे वळणावर जास्त स्थिर होईल, ही समजूत तर पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपचा खांबच चाकाला वरून धरून ठेवतो अशी रचना) असलेल्या गाड्यांच्या बाबतीत उलटी पडते. या रचनेत खालचा आर्म, म्हणजे बॉडी आणि चाक जोडणारा दांडा, आडवा असावा किंवा चाकाकडे किंचित उतरता असावा अशी मांडणी असते. गाडी फार खाली आली की तो आर्म चाकाकडे चढता होतो, आणि वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोहोंमधले अंतर वाढते आणि तेवढ्याच वेगाला गाडी अधिक कलू पाहते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मला हे प्रत्यक्ष जाणवले होते, पण तेव्हा त्याचे कारण कळले नव्हते.

निवडीबद्दल माझे मत असे आहे की, रोज चालणाऱ्या गाडीला एकाच उत्पादकाने एकमेकांसाठी जुळवून दिलेल्या, २० ते २५ मिलिमीटर कमी उंचीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप यांचा पूर्ण संच घ्यावा. नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा स्वस्त पडतात, परंतु कडक झालेल्या स्प्रिंगची उसळी आवरायला जुने शॉकअप अपुरे पडतात. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीन हेलकावे खात असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलओव्हरचे (शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेल्या संचाचे) आकर्षण तरुणांना फार आहे आणि ते मी समजू शकतो, पण त्यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात स्प्रिंगखालची चकती फिरवून उंची बदलतात, त्यामुळे गाडी खाली आणली की शॉकअपची वरची चाल खर्ची पडते. दुसऱ्या प्रकारात शॉकअपचे संपूर्ण नळकांडे खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरते आणि शॉकअपची चाल कायम राहते. घ्यायचेच असेल तर दुसऱ्या प्रकारातले घ्यावे, आणि चाक लोंबकळल्यावरही स्प्रिंग बैठकीत धरून ठेवणारी छोटी मदतनीस स्प्रिंग त्यात आहे ना, हे पाहून घ्यावे. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चकती ज्यांवर फिरते त्या आट्यांमध्ये बसून वाळला की चकती पान्यालाही दाद देत नाही. दर पावसाळ्यानंतर ब्रशने आटे धुण्याची तयारी नसेल, तर हा खर्च करू नये. एअर सस्पेन्शनविषयी मी थोडक्यात एवढेच म्हणेन की, कंप्रेसर, झडपा आणि रबरी फुगे सांभाळायला जवळ माहीतगार माणूस हवा, आणि रोज कामावर वेळेत पोहोचायचे असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

चांगला संच आणूनही बसवताना बिघडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच घट्ट केले, तर गाडी खाली उतरताच प्रत्येक बुश पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. चाके जमिनीवर टेकवून, गाडी नव्या उंचीवर असताना ते बोल्ट शेवटचे आवळायचे असतात. यासाठी कारागिराला खड्ड्यात उतरावे लागते किंवा रॅम्प लागतो, म्हणून घाईत ही पायरी गाळली जाते. अलाइनमेंट तर दोनदा करावी लागते: एकदा बसवल्यावर लगेच आणि दुसऱ्यांदा काहीशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्यावर. माझे टायर आतून तारांपर्यंत झिजले ते मुख्यतः टो, म्हणजे वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, बिघडल्यामुळे. थोडा जास्त कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) टायर सोसतो, पण चुकलेला टो त्याला रस्त्यावर सतत आडवा फरफटत नेतो. गॅरेजने अलाइनमेंटचा छापील कागद, आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवून, ग्राहकाच्या हातात द्यावा, आणि ग्राहकाने तो मागावा. हेडलाइटचा झोतही नव्याने लावून घ्यावा, कारण मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त खाली आला, तर तो झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

आता आपल्या रस्त्यांविषयी. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबराखालचा पाया हलतो आणि एकही खड्डा नसलेल्या रस्त्यावर लांब लाटा तयार होतात. अशा लाटेवर वेगात आलेल्या गाडीचे चाक खड्ड्यापेक्षाही जास्त चाल वापरते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मित्राने सुचवलेला संच इथे जसाच्या तसा चालेल असे धरू नये. गतिरोधकांची गोष्ट आणखी वेगळी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा आहे, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशी त्याची रचना आहे. चाकांमधले अंतर अडीच मीटर असलेली गाडी अशा उंचवट्यावर पूर्ण चढली, तर दोन्ही चाकांच्या मधोमध रस्त्याचे पोट फक्त ४६ मिलिमीटर वर येते. म्हणजे माझ्यासारखी खाली बसवलेली गाडीही त्यावरून सुखाने जाते. परंतु तेवढ्याच उंचीचा गतिरोधक उरलेल्या डांबराचा ढीग थापून दोन फुटांत उरकला, तर गाडीच्या पोटाखाली पूर्ण १०० मिलिमीटर जागा लागते, शिवाय पुढची चाके उतरताना स्प्रिंग दबते ते वेगळेच. असे ढीग आमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर जागोजागी आहेत. ते पाठीच्या दुखण्याने बेजार झालेल्या दुचाकीस्वाराला, बाळंतिणीला नेणाऱ्या रिक्षाला आणि केळीने भरलेल्या ट्रकलाही तितकेच त्रासदायक आहेत, म्हणून ते मानकाप्रमाणे व्हावेत ही मागणी हौशी गाडीवाल्यांपुरती समजली जाऊ नये.

कायद्याचा उल्लेख आपल्या लेखात मोघम होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पैसे मोजण्याआधी संचाचा तपशील घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पान्याला हात लावू देऊ नये. मला यात दीड महिना गेला, तो मला मुळीच जास्त वाटत नाही. कापलेल्या स्प्रिंगांवर मात्र कठोर कारवाई झाली तर मी तिचे स्वागतच करीन, कारण जॅकवर हाताने फिरणारी स्प्रिंग मी स्वतः पाहिली आहे.

आज माझी गाडी मूळ उंचीपेक्षा २० मिलिमीटर खाली आहे. पुढच्या दोन्ही शॉकअपच्या दांड्यांवर केबल टाय अजून बांधलेले आहेत, आणि दर रविवारी गाडी धुताना चाक पूर्ण वळवून मी ते पाहतो. गेल्या रविवारी ते ४१ मिलिमीटरवर होते. फैजपूर, सावदा किंवा भुसावळ परिसरातल्या ज्या तरुणांना गाडी खाली बसवायची आहे, त्यांनी आधी मूळच्या स्प्रिंगांवर असाच टाय बांधून आठवडाभर गाडी चालवावी आणि तो आकडा कागदावर लिहून मगच गॅरेजमध्ये जावे, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव