मनगटाखालचा हात

डॉक्टर,

हे पत्र लिहायला १० महिने लागले. लिहायला बसलं की आभार बाजूला राहायचे आणि आधी राग यायचा. तुमच्यावर नाही, तुमच्या आधीच्यांवर.

आई ७६ वर्षांची. पाय घसरला, पडताना हात टेकला आणि त्या दिवसापासून उजवा हात वर जाईना. रात्री त्या कुशीवर वळली की कण्हायची. तुमच्याआधी दोघांनी तिला पाहिलं, म्हणजे तिचा एक्स-रे पाहिला. हाड शाबूत आहे, फ्रोझन शोल्डर म्हणजे आखडलेला खांदा आहे, वयानुसार चालायचंच. एकाने तर माझ्याकडे बघून हसत विचारलं, "आता यांना हात वर करून करायचंय काय?" आई शेजारीच बसली होती. तिला ऐकू उत्तम येतं. त्यानंतर तिने दुखतंय म्हणणंच सोडलं.

तुम्ही फाइल मिटलीत आणि खुर्ची तिच्याजवळ ओढलीत. हात वर करा म्हणालात. तो छातीपर्यंत आला, पुढे नुसता खांदाच कानाकडे चढला. मग तुम्ही स्वतः तिचा हात उचललात आणि तो अलगद डोक्यापर्यंत गेला! आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी अडतो, हा अडला नाही. म्हणजे सांधा मोकळा आहे, हात उचलणारी दोरीच तुटली आहे, असं तुम्ही आईला सांगितलंत. मला नाही, आईला. एमआरआय त्यानंतर झाला आणि त्यात तेच निघालं. हे कळायला मशीन लागलं नव्हतं, हात लावावा लागला होता. एवढंच आधीच्यांकडून झालं नाही.

पण मी लिहितेय ते पुढच्या क्षणासाठी. "आता मी सोडतो, तुम्ही हात तिथेच धरून ठेवा," असं म्हणालात. तो कोसळणार हे तुम्हाला ठाऊक होतं, तपासणीच ती होती. तरी तुमचा तळवा तिच्या मनगटाखाली, दोन बोटांच्या अंतरावर, आधीच येऊन थांबला होता. हात पडला तो तुमच्या हातावर. आई दचकली, पण ओरडली नाही. तुम्ही काही न बोलता तो तिच्या मांडीवर ठेवलात आणि मगच लिहायला वळलात.

ऑपरेशनच्या आधी तुम्ही गोड बोलला नाहीत, हेही लक्षात आहे. स्नायूत चरबी फार शिरलेली नाही म्हणून शिवण्यात अर्थ आहे. पण या वयात शिवलेला कंडरा, म्हणजे तीच दोरी, हाडाला पुन्हा धरेलच असं नाही, आणि फाट मोठी असेल तर तो सुटण्याची भीती जास्त. मात्र शिवण सुटली तरी पुष्कळांचं दुखणं कमी होतं. हात पूर्ण वळणावर यायला वर्षही लागेल. खोटा धीर देणारे खूप भेटतात, खरं सांगून वर धीर देणारा माणूस क्वचित भेटतो. हुशारीचं म्हणाल तर ती आधीच्यांकडेही असेल.

स्लिंगचे ६ आठवडे, टेकून बसून काढलेल्या रात्री, ते सगळं इथे लिहीत नाही. ६ महिन्यांनी सोनोग्राफीत एका कडेला शिवण सुटलेली दिसली. तुम्ही ती स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलीत. आई म्हणाली, "सुटेना का, मी रात्रभर झोपते." आज ती स्वतःचे केस स्वतः विंचरते. वरच्या फळीवरचं मात्र मलाच काढून द्यावं लागतं, आणि ते तसंच राहील बहुतेक.

घरी व्यायाम करताना मीही तुमच्यासारखाच तळवा तिच्या मनगटाखाली धरायचे. बरेच आठवडे धरला. एक दिवस हात वर नेता नेता आई वैतागली, "तुझा हात काढ बघू खालचा, मध्ये येतोय."

तुमच्या पेशंटची मुलगी