आधी माणूस सोडवू, मग बाकीचं

ठाणे, रविवार

प्रिय शैला,

उशिराबद्दल माफी वगैरे मागत नाही, तू रागावली आहेसच. गुडघे जैसे थे, साखर आटोक्यात. झालं.

परवा मंडळाची बैठक होती, वाचनालयाच्या वरच्या त्याच खोलीत. घोडबंदरकडची एक नवी पोर उठली आणि म्हणाली, "आधी माणूस सोडवू, मग रचना बदलू." अगं, मान तश्शीच तिरकी, बोट तस्संच नाचतंय! तूच शिकवून पाठवलीस की काय? मला हसूही आलं आणि जुना संतापही. बाकीच्यांना काय कळणार, म्हणून तुला लिहितेय.

नवी मुंबईतल्या एका वस्तीवर पाडकाम आलं, पोरांनी रस्ता अडवला, तिघांना अटक झाली. दोघे सुटले. तिसऱ्याचा जामीन मंजूर आहे, तरी तो आतच, कारण स्थानिक जामीनदार हवा आणि त्याचा ऐपतीचा दाखला हवा. आई वाशीच्या मार्केटात कांदा निवडते. बैठकीत तिने पिशवीतून एकेक कागद काढून सतरंजीवर मांडले: रेशनकार्ड, लाइटबिल, पोराचं दहावीचं मार्कशीट. लाइटबिलही दुसऱ्याच्या नावावर. जामीन राहायला तिच्या ओळखीत ज्यांची घरं, ती तर पाडायच्या यादीत. मार्कशीट कशाला आणलं, असं कोणी विचारलं नाही.

मग ठरलं, सगळ्यांनी याच्याच मागे लागायचं. क्षेत्रसभेचं काम "सध्या बाजूला".

सध्या! २००९ ला क्षेत्रसभेचा कायदा झाला की मतदारांनी आपापल्या भागात बसून पालिकेला जाब विचारायचा. तेव्हा माझे केस काळे होते आणि तुझी कंबर होती. नवी मुंबई पालिकेची मुदत मे २०२० ला संपली, ठाण्याची मार्च २०२२ ला, पुढे प्रशासकच. त्यावर किती मोर्चे निघाले सांग? प्रशासक कोणाच्या पोराला रात्री उचलून नेत नाही, मग लोक चिडणार कशावर? जानेवारी २०२६ ला कुठे नगरसेवक आले. त्यांना धरायची वेळ हीच, आणि आमचं मंडळ म्हणे सध्या बाजूला. पाडकामाचा विषय आधी वस्तीसमोर आला असता, तर तो पोर रस्त्यावर आला असता का?

आता तू दास्तान फाटा काढणार, माहीत आहे. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून उठलेल्या शेतकऱ्यांवरच्या जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण गेले, म्हणून १९९० ला घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, उरणला तुझ्या मामांच्या ओटीवर आपण यावरून जेवण थंड केलं होतं. रस्त्यावर उतरल्याशिवाय सरकार हलत नाही, हे मी तेव्हाही मानलं होतं. पण मधली सहा वर्षं कोणीतरी सातबारे घेऊन बसलंच होतं ना? त्यांचे फोटो कुठे लागत नाहीत. (मामी मात्र दोघींवरही चिडल्या होत्या, कोळंबी वाया गेली म्हणून.)

आणि हुसैनआरा खातून खटला घे. १९७९ मध्ये त्या एका अर्जावरून बिहारचे हजारो कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपताच आत पडलेले, सुटले. आणि २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चेच! आपण बादली उपसतोय, वर नळ चालूच.

इतकं बोलून मी हात वर केला तो त्या पोरीच्याच बाजूने. खूश हो. आदिवासींसाठी झटणारे फादर स्टॅन स्वामी आठवले. तळोजा कारागृहातून रुग्णालयात नेलेले, वय ८४, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ ला गेले. क्षेत्रसभा पुढच्या वर्षी भरली तरी भरेल. आत गेलेले दिवस कोणाला परत देता येतात?

पण अट घातली. नुसता जामीनदार शोधून पोराला घरी आणायचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभर हमी भरता आली नाही तर न्यायालयाने अट सैल करण्याचा विचार करायचा, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह शक्यतो धरायचा नाही. तेव्हा अर्ज याच मुद्द्यावर करायचा, आणि असे अडकलेले आणखी किती, त्याची माहितीही मागायची. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांचीच धास्ती आहे. मुलगा सुटला की पेढे येतील, सेल्फी निघतील, आणि दुसऱ्या अर्जाचा पाठपुरावा करायला उरेन मी आणि तो खडखडता पंखा. या वयात एकटीने खेटे घालायचे म्हणजे, शैला, खरंच जीव वर येतो. तुझ्या त्या पोरीला हे सांगायचं कसं, तूच सांग. माझं ऐकताना ती घड्याळ बघते.

तुझं पेन्शन सुरू झालं का? जावई बरे आहेत ना आता? लिही सविस्तर.

भाचीचा नंबर पाठव, ठाणे कोर्टात करते ना ती अजून? फी नाही, मामलेदारची मिसळ मिळेल, तिखट झेपत असेल तर. आणि वस्त्यांच्या याद्यांची निळी फाईल, जी तू "वाचून देते" म्हणून नेलीस, ती या आठवड्यात कुरिअर कर. अर्जाला लागणार आहे.

तुझी,
वंदी