दुखणं अंगावर काढणाऱ्यांसाठी: उन्हाळ्याआधी वॉकर, गाद्या आणि तुमचे दोन तास द्या

सप्रेम नमस्कार,

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं कंबर-गुडघ्यापुरतं राहत नाही. झोप तुटते, रक्तदाब चढा राहतो, साखर आवरत नाही. दुखतं म्हणून माणूस हलत नाही आणि हलत नाही म्हणून मांड्या वाळतात. मग दुखणं कमी झालं तरी आधाराशिवाय खुर्चीतून उठवत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरून खचत जातं आणि घरचे म्हणतात, "त्याला नेहमीच दुखतं."

आमच्या मंडळाला सगळ्यात जास्त धास्ती वेदनाशामक गोळ्यांची आहे. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं चालू असतात. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारं रसायन या गोळ्या अडवतात. मे महिन्यात ४५ अंशांत अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडाची बरीच भिस्त त्याच रसायनावर असते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आणि मूत्रपिंड दुखत नाही, म्हणून कळत नाही. पायांवर सूज, लघवी कमी किंवा काळी शी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काळी शी म्हणजे बहुधा पोटात रक्तस्राव.

दुसरी चूक पॅरासिटामॉलची. दुखण्याच्या दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ३२५ मिलीग्रॅम, सर्दीच्या गोळीत ५००, तापाच्या गोळीत ६५०. नावं वेगळी, औषध तेच. धडधाकट माणसासाठीही दिवसाला ४ ग्रॅमपलीकडे ते यकृतावर बेततं, आणि दारू पिणाऱ्याला किंवा कृश माणसाला त्याआधीच. 'जादूच्या' पुडीने दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, तर आनंदाआधी शंका घ्या, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे. बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा.

नागपुरातल्या महाल भागातल्या आणि आसपासच्या घरांसाठी होळीआधी आम्हाला हव्यात:

१२ वॉकर. जुने चालतील, पण पायांचे रबरी बूच तपासून द्या. झिजलेलं बूच गुळगुळीत फरशीवर घसरतं. वॉकरची मूठ उभ्या माणसाच्या मनगटाच्या रेषेला यावी. मूठ उंच असली तर खांदे चढतात आणि मान दुखू लागते.

पंपाच्या ४ हवेच्या गाद्या, अंथरुणाला खिळलेल्यांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. त्यावर जाड सतरंजी घातली की उपयोग संपतो. माकडहाडाखाली, गादी आणि पलंगाच्या मध्ये, तळहात सरकवून पाहावा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. गादी असली तरी कूस बदलावीच लागते.

रक्तदाबाची ५ यंत्रं, लहान आणि मोठ्या अशा दोन मापांच्या पट्ट्यांसह. जाड दंडाला लहान पट्टी बांधली की आकडा उगाच जास्त दिसतो.

४० जणांच्या क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवी तपासणीचा खर्च. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल.

पैसे नसतील तर आठवड्याचे दोन तास द्या. काम एवढंच: घरी जाऊन वहीत चार गोष्टी लिहायच्या. दुखणं ० ते १० मध्ये किती, झोप किती तास, गोळ्या किती आणि कोणत्या (पाकीट बघून, विचारून नव्हे), रक्तदाब किती. ही वही मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत पाच मिनिटांत जे सांगते ते रुग्णाला सांगता येत नाही. कोणी "आता जगून काय करायचं" म्हणालं तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्याजवळ बसून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लावून द्या.

वस्तू मंडळाच्या महालातल्या खोलीत रविवारी सकाळी १० ते १ घेऊ. उरलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र कृपया आणू नका.