बीरशेबाचा फोन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गाझाविषयी आपल्या सदरात येणारी पत्रं बहुधा बाजू ठरवूनच लिहिलेली असतात. माझीही ठरलेली होती, आणि ती शेजारातून आली होती. आमच्या अलिबागच्या आळीतलं एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातलं मराठी ज्यू, कुटुंब साठच्या दशकात दक्षिण इस्रायलमधल्या बीरशेबाला गेलं. जानेवारी 2009 मध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला, "दादा, गाझातली रॉकेटं इथवर यायला लागली. भोंगा वाजला की पोरांना घेऊन आतल्या खोलीत पळायचं." बोली अजून आमच्या आळीचीच. माझ्या लेखी ते युद्ध म्हणजे तो फोन.

म्हणून इझेल्दीन अबुलैश या गाझातल्या डॉक्टरचं आत्मकथन 'आय शॅल नॉट हेट' मी जरा नाखुशीनंच उघडलं. शीर्षकही प्रवचनाचं वाटलं. जबालियाच्या निर्वासित छावणीत 1955 चा जन्म, कैरोला वैद्यकीचं शिक्षण, आणि पुढे वाचतो तर स्त्रीरोगाची उमेदवारी चक्क बीरशेबाच्या सोरोका रुग्णालयात! गाझा-इस्रायल सीमेवरचा एरेझचा नाका ओलांडून जायचं आणि इस्रायली बायकांची बाळंतपणं करायची.

सप्टेंबर 2008 मध्ये त्यांची पत्नी नादिया रक्ताच्या कर्करोगानं इस्रायलच्या रुग्णालयात अत्यवस्थ होती आणि हे युरोपात. गाझाच्या माणसाला थेट तेल अवीवला उतरायची सोय नाही. आधी अम्मान गाठायचं, मग जमिनीवरून, नाक्यामागून नाका. ज्या देशाच्या रुग्णालयात हा माणूस डॉक्टर, त्याच देशाच्या नाक्यावर तो तासन्‌तास ताटकळत बसलाय. ते पान मी पुन्हा वाचलं. तोवर 'नाकाबंदी' मी बातमीत वाचून पुढे जात असे.

16 जानेवारी 2009 ला त्यांच्या घरावर इस्रायली रणगाड्याचे गोळे पडले. बेसान, मायर, आया या तीन मुली आणि पुतणी नूर जागीच गेल्या. त्यांनी एका इस्रायली पत्रकार मित्राला फोन लावला आणि तो आक्रोश तिथल्या टीव्हीवर थेट ऐकू गेला. गोळे आपलेच होते हे लष्करानं मान्य केलं. भरपाई मात्र 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नाकारली.

मला आलेला फोनही त्याच महिन्यातला. तो भोंगाही खरा होता. जबालिया आणि बीरशेबा, दोन्ही गावांत अंतर तरी किती? आपण अलिबागहून मुरुडला जावं, तेवढंच.

उत्तरार्धात भाषणबाजी वाढते, हे खरं. तरी एक विनंती: मृतांच्या आकड्यांशेजारी, उपचारासाठी निघालेले किती जण नाक्यावर अडकले, हेही छापत चला.

परवा बीरशेबाला फोन केला तेव्हा या डॉक्टरांचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आमची थोरली सोरोकातच झाली. कुठल्या साली होते रे ते तिथं? थांब, कागद बघतो."

आपला,
एक वाचक, अलिबाग