चौदा संगणक, भाव एकच: लोखंडाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधले जुने संगणक भंगारात निघत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मिरजेत बावीस वर्षं माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा यात थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

गेल्या मे महिन्यात आमच्या भागातल्या एका शाळेने 14 संगणक निर्लेखित केले, म्हणजे हिशेबातून काढून टाकले. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, शेरा पडला, टेम्पो आला, कॅबिनेट होती तशी काट्यावर चढली. 126 किलो भरलं. 28 रुपये किलोने 3,528 रुपये झाले आणि पावतीवर शब्द एकच, ‘लोखंड’. मला बोलावलं होतं ते फक्त हार्ड डिस्क काढून द्यायला. मी शाळेतल्या सरांना म्हटलं, “सर, यात लोखंड म्हणजे नुसता डबा.” ते म्हणाले, “बाकीचं काय आहे ते कुठल्या रकान्यात लिहू, ते सांगा.” मी गप्प बसलो. त्यांचं बरोबर होतं, फॉर्मात रकानाच नाही.

डब्यात काय आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चुंबक, कानस आणि स्क्रूड्रायव्हर पुरे. चुंबक चिकटलं ते लोखंड: कॅबिनेट, पॉवर सप्लायचा डबा. प्रोसेसरवर बसवलेला पंख्याखालचा पांढरा ठोकळा हलका लागला तर तो आपला जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. त्याच मापाचा तुकडा तिपटीने जड लागला तर तांबं. हार्ड डिस्कची खोळही जर्मनचीच. मदरबोर्डाखालचे पिवळे खिळे बहुधा पितळी असतात. वायरीचं मात्र वरवर बघून ठरवू नये. ती पात्याने खरवडायची. वरच्या लाल थराखाली पांढरं निघालं तर तांब्याचा नुसता मुलामा आहे, आत ॲल्युमिनियम. अशी वायर तांबं म्हणून विकायला गेलात तर काट्यावरचा माणूस हसतो. तुमच्याकडून घेताना तोच ती ॲल्युमिनियम म्हणून घेतो आणि पुढे कशी विकतो ते विचारू नका.

गिऱ्हाइकांना मी नेहमी एक गंमत दाखवतो. पेंटियम 4 च्या काळातल्या प्रोसेसरवर चांदीसारखं चकचकीत झाकण असतं. त्यावर कानस दोनदा फिरवली की खाली लालभडक तांबं दिसतं, वर फक्त निकेलचा थर. उलट 486 किंवा पहिल्या पेंटियमचा जुना, सिरॅमिकचा प्रोसेसर हातात आला तर कानस बाजूला ठेवावी. सोन्यासाठी त्यांची किंमत नव्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. जुन्या सिरॅमिक चिपांच्या सोनेरी पायांना चुंबक चिकटतं म्हणून लोक ते खोटं समजून फेकतात. पाय लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचे असतात, मुलामा खरा असतो.

पण मुलामाच. रॅमच्या पट्टीच्या कडेला चमकतं ते सोनं जाडीला एक मायक्रॉनही नसतं, अख्ख्या पट्टीत काही मिलिग्रॅम. व्हिडिओ बघून बाथरूममध्ये तेजाब ओतणाऱ्या दोन मुलांना मी स्वतः रागावलोय. हातात गढूळ पाणी येतं आणि छातीत धूर जातो.

भाव खरा ठरतो तो वेगळं काढण्यात. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने सुमारे 79,000 टन लहान विजेची उपकरणं गोळा केली. त्यातून सोनं मिळालं साधारण 32 किलो, म्हणजे टनाला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. संगणकाचे नुसते बोर्ड वेगळे केले, तर टनाला 200 ग्रॅमच्या आसपास सोनं धरलं जातं. त्या शाळेचे 14 बोर्ड मिळून दहाएक किलो, म्हणजे कागदावर दोन ग्रॅम. ते शाळेला कुणी काढून देणार नाही हे मलाही कळतं, शुद्धीकरणाचा खर्च आहेच. पण बोर्डाला लोखंडाचा भाव? आणि तांब्याचं भंगार तर लोखंडाच्या वीसपट भावाच्या वरच जातं.

नियम आहेत. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. पुनर्चक्रण करणाऱ्याला मिळणारी प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या हिशेबानेच निघतात. म्हणजे सरकारलाही डब्यात चार धातू दिसतात. मात्र मोठा ग्राहक म्हणून जबाबदारी येते ती वर्षात हजार नग वापरणाऱ्यावर. चौदा संगणकांची शाळा त्यात कुठे बसणार? तिचा माल काट्यावर जातो, काट्यावरून वायरी जाळणाऱ्याकडे. जळकं तांबं काळं पडतं, त्याला भावही कमी येतो; तरी सोलण्यापेक्षा जाळणं लवकर होतं म्हणून जाळतात.

शिक्षण विभागाला माझी मागणी एवढीच आहे: निर्लेखनाच्या नमुन्यात ‘संगणक संच, नग’ या ओळीखाली बोर्ड, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड असे चार रकाने द्या, वजनासकट. बोर्ड नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावेत आणि त्याची पावती फायलीला लागावी. एक संगणक उकलायला मला वीस मिनिटं लागतात, शिपायाला पहिल्यांदा तास लागेल. ज्या शाळेला शिकून घ्यायचंय तिने माणूस पाठवावा, पैसे घेणार नाही. येताना कानस आणावी, माझी झिजलीय. सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला, मिरज